तीन समुद्रांपलीकडचा व्यापारी

युरोपांतून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या मार्गाची गोष्ट निघाली कीं वास्को द गामाचें नांव सहज तोंडीं येतें, आणि १४९८ हें साल तर शाळेंतील मुलांनाही पाठ असतें. परंतु गामाचीं जहाजें कालिकतच्या किनाऱ्यास लागलीं त्याच्या पाव शतकाहून अधिक काळ आधीं एक रशियन व्यापारी आपल्या कोंकणांतील चौल बंदरांत उतरला होता, जुन्नरास त्यानें पावसाळा काढला होता आणि बेदरास घोडा विकला होता, ही गोष्ट आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असते. गामाच्या मागें पोर्तुगालचा राजा होता, आरमार होतें, तोफा होत्या. या गृहस्थाच्या मागें कोणीच नव्हतें. त्याचें नांव अफनासी निकितीन. व्यापार म्हणून पाहिलें तर त्याचा प्रवास सपशेल फसला. नफा तर राहोच, तो आपल्या गांवींही परत पोंचला नाहीं. तरीसुद्धां या प्रवासांत त्यानें काय गमावलें आणि काय राखलें, याचा हिशेब मोठा उद्बोधक आहे. व त्याचा बराचसा भाग आपल्याच मुलखांत घडलेला असल्यामुळें तो वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

निकितीन हा व्होल्गा नदीच्या कांठीं वसलेल्या त्वेर शहराचा राहणारा. त्वेर मॉस्कोच्या वायव्येस आहे. त्या काळीं तें एका स्वतंत्र राज्याची राजधानी होतें व मिखाइल बोरिसोविच हा तेथें राज्य करीत होता. व्होल्गेच्या प्रवाहाबरोबर खालीं कास्पियन समुद्राकडे जावें आणि तेथील शिरवान राज्यांत माल विकावा, एवढाच निकितीनचा मूळ बेत होता. हिंदुस्थानाचें नांवही त्यांत नव्हतें. तो १४६६ सालीं निघाला असें पूर्वीं मानीत. पुढील संशोधकांनीं तें साल १४६८ असावें असें ठरविलें आहे. शिरवानच्या राजाचा वकील मॉस्कोहून नव्वद शिकारी ससाण्यांचा नजराणा घेऊन परत जात होता. वाटेंत लुटारूंचें भय असल्यामुळें राजाच्या वकिलाची सोबत बरी, असा विचार करून निकितीन दोन आठवडे वाट पाहून त्याच्या काफल्यास मिळाला.

परंतु वकिलाची सोबतही कामास आली नाहीं. आस्त्राखानजवळ, चांदण्या रात्रीं, तातारांनीं त्यांस गांठलें. निकितीनचा सर्व माल ज्या लहान गलबतांत होता तेंच नेमकें त्यांच्या हातीं सांपडलें. त्या मालाबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले, आणि मालापेक्षां या ग्रंथांची हानि त्यास पुढें अधिक जाचली. उरलेले लोक कास्पियनमध्यें शिरले तों तुफान झालें; एक गलबत किनाऱ्यावर आपटून फुटलें व त्यांतील माणसें डोंगरी टोळीनें धरून नेलीं. शिरवानच्या राजानें मध्यस्थी करून त्यांस सोडविलें खरें. पण घरीं परतण्यापुरता खर्च मागतांच, तुम्ही पुष्कळजण आहां असें कारण होऊन कोणासही कांहीं मिळालें नाहीं. तेव्हां सर्वांनीं रडत रडत एकमेकांचा निरोप घेतला. ज्याचें घरीं कांहीं होतें तो रशियाकडे वळला. ज्याच्या डोक्यावर ऋण होतें तो वाट फुटेल तिकडे गेला. निकितीन दक्षिणेकडे निघाला. उसनवारीनें माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्यास रिकाम्या हातांनीं गांवांत तोंड दाखविणें किती कठीण, हें आपल्याकडील पेढीवाल्यांस सांगावयास नको.

बाकू येथें जमिनींतून अखंड निघणारा अग्नि त्यानें पाहिला. तेथून कास्पियन ओलांडून तो इराणांत उतरला, आणि सारी, आमोल, रे, काशान, यझ्द, लार अशीं गांवें घेत, कोठें महिना तर कोठें त्याहून अधिक मुक्काम करीत, इराणच्या आखातांतील होर्मुझ बेटावर येऊन पोंचला. देशोदेशींचा माल येथें एकवटत असे. समुद्राला दिवसांतून दोनदां भरती येते याचें त्या नदीकांठच्या माणसास नवल वाटलें, आणि तेथील उन्हानें तो पोळून निघाला. येथेंच त्यास हिंदुस्थानाची गोष्ट कळली. दक्षिणेंतील राज्यांना लढाईसाठीं घोडे हवेत, पण त्या देशांत चांगले घोडे निपजत नाहींत. म्हणून अरबस्तान व इराण येथून समुद्रमार्गें आलेल्या घोड्यांस तेथें भारी किंमत येते. निकितीननें एक घोडा घेतला आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यांत तो गलबतावर चढला. मस्कत, गुजराथचा किनारा, खंबायत असें करीत तें गलबत चौलास लागलें.

आज चौलास नारळी-पोफळीच्या बागांखेरीज फारसें कांहीं नाहीं. परंतु त्या काळीं तें पश्चिम किनाऱ्यावरील एक नांवाजलेलें बंदर होतें. हिंदुस्थान तो येथूनच लिहूं लागतो. माणसें उघडीं हिंडतात, डोक्यास कांहीं नाहीं, केसांची एक वेणी घातलेली, राजाच्या डोक्यास एक वस्त्र व कमरेस एक वस्त्र, हें सारें पाहून त्यास अचंबा वाटला. परंतु त्याहून मोठा अचंबा आपल्या लोकांस त्याचा वाटत होता. जेथें जावें तेथें गोऱ्या माणसाला पाहण्यासाठीं लोकांची रीघ मागें लागे, असें तो नमूद करतो. पाहणारा आणि पाहिला जाणारा असे दोघेही एकाच वेळीं चकित झाल्याचें हें चित्र मोठें मौजेचें आहे.

चौलाहून पाली व उमरी या गांवांवरून घांट चढून तो जुन्नरास आला. जुन्नर हें कोणीं न बांधलेल्या, जणूं देवानेंच घडविलेल्या खडकावर आहे. वर चढण्यास दिवस लागतो, आणि वाट इतकी अरुंद कीं दोन माणसें बरोबरीनें जाऊं शकत नाहींत, असें तो लिहितो. हें वाचतांना शिवनेरीच डोळ्यांपुढें उभी राहते. ज्या गडावर १६३० सालीं शिवछत्रपतींचा जन्म व्हावयाचा होता, त्याच्या परिसरांत दीडशेंहून अधिक वर्षें आधीं हा परदेशी माणूस पाऊस संपण्याची वाट पाहत बसला होता. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, व त्याच चिखलांत लोक नांगरतात आणि पेरतात, हें पाहून तो थक्क झाला. घोड्यांना हरभरा घालतात आणि तूप-साखर घालून खिचडी चारतात, हेंही त्यानें टिपलें आहे. आपल्या नित्याच्या जेवणांतील खिचडी रशियन भाषेच्या एका जुन्या ग्रंथांत अशी घोड्याच्या दावणींतून शिरावी, हा योग गमतीचा खरा.

परंतु जुन्नरची खरी हकीकत याहून गंभीर आहे. तेथें बहमनी सुलतानाच्या वतीनें असदखान हा सरदार होता. घोड्याचा धनी मुसलमान नसून रशियन ख्रिस्ती आहे असें कळतांच खानानें घोडा काढून घेतला आणि निरोप दिला: आमचा धर्म स्वीकारशील तर घोडाही परत मिळेल व वर एक हजार मोहरा मिळतील, न स्वीकारशील तर घोडा जाईलच, शिवाय हजार मोहरा दंड भरावा लागेल. विचार करण्यास चार दिवसांची मुदत दिली. निकितीनची स्थिति मनांत आणून पाहावी. तो घोडा म्हणजे त्याचें सर्वस्व होतें. जुन्नरापर्यंत आणण्यास त्याचे शंभर रूबल खर्ची पडले होते. घरापासून हजारों कोस दूर, ओळखीचें कोणी नाहीं, भाषा परकी, वर पाऊस कोसळतो आहे. आणि एक होकार दिला कीं संकट टळून हजार मोहरा हातांत! पाहणारा कोणी स्वकीय नव्हता. त्वेरमध्यें कोणास कळलेंही नसतें. पण निकितीननें होकार दिला नाहीं.

मुदत संपत आली. तो ऑगस्टचा महिना होता व त्यांच्या धर्मांतील उपवासाचा पंधरवडा चालू होता. अशा वेळीं खोजा महंमद नांवाचा एक खोरासानी गृहस्थ जुन्नरास आला. निकितीन त्याच्या पायां पडला. तो सज्जन घोड्यावर बसून खानाकडे गेला, शब्द टाकला आणि घोडा सोडवून घेऊन आला. निकितीननें हा आपल्या देवाचा चमत्कार मानला. परंतु देवानें तो ज्याच्या हातून घडविला तो मनुष्य मुसलमान होता, ही गोष्ट त्यानें लपविली नाहीं. धर्मासाठीं छळणारा आणि धर्म न विचारतां सोडविणारा, असे दोघेही एकाच गांवीं त्यास भेटले व दोघांचीही नोंद त्यानें सरळपणें केली. मात्र या प्रसंगानंतर आपल्या देशबांधवांस त्यानें कडवट उपदेश केला आहे कीं, हिंदुस्थानांत व्यापारास जावयाचें असेल तर आपला धर्म घरीं ठेवून जा. व्यापाराचीही निराशाच झाली होती. रशियास नेण्याजोगा माल येथें पुष्कळ आहे असें त्यास मुसलमान व्यापाऱ्यांनीं सांगितलें होतें. प्रत्यक्षांत मिरीं आणि रंग तेवढे स्वस्त, जकात भारी, आणि समुद्रावर चांचे फार.

पाऊस ओसरूं लागतां तो बहमनी राजधानी बेदर येथें गेला. त्या वेळीं तिसरा महंमदशहा हा तरुण सुलतान गादीवर होता. परंतु खरा कारभार ‘मलिक-उत्-तुज्जार’ म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा, या पदवीनें ओळखला जाणारा वजीर महमूद गवान पाहत असे. हा गवानही मूळचा इराणांतील गीलान प्रांताचा व्यापारीच. १४५३ सालीं तो दाभोळ बंदरांत उतरला होता. एकाच समुद्रानें आलेले हे दोन व्यापारी! एक वजीर झाला, त्यानें १४७२ सालीं बेदरास प्रसिद्ध मदरसा उभारला, आणि १४८१ सालीं बनावट पत्रावर विश्वास ठेवून सुलतानानें त्याचा शिरच्छेद करविला. दुसऱ्याच्या वांट्यास ना अधिकार आला, ना तलवार. त्याच्या हातीं राहिली ती एक वही.

त्या वहींतील बेदरचें वर्णन फार ठसठशीत आहे. राजवाड्यास सात दरवाजे असून प्रत्येकापाशीं शंभर पहारेकरी व शंभर कारकून. कोण आंत गेला, कोण बाहेर आला, याची टिपणें ते ठेवीत. रात्रीं कोतवालाचे हजार स्वार मशाली घेऊन गस्त घालीत. आळंदच्या उरुसांत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत. सरदार रुप्याच्या पालख्यांतून मिरवीत. पुढें सोन्याच्या साजाचे घोडे, मागें शेंकडों स्वार व प्यादे, कर्णे आणि नगारे. परंतु हा थाट रंगवीत असतांनाच तो एक गोष्ट अगदीं थोडक्यांत सांगून जातो: या देशांत माणसें उदंड आहेत, सरदार बलाढ्य व विलासी आहेत, आणि खेड्यांतील लोक मात्र अत्यंत दरिद्री आहेत. दरबारच्या आश्रयानें लिहिणाऱ्या इतिहासकारांस लढाया दिसल्या, नजराणे दिसले. उघड्या अंगाचा कुणबी या परक्या घोडेविक्याच्या डोळ्यांस दिसला. त्यास कोणाची मर्जी सांभाळावयाची नव्हती, हेंच त्याचें कारण असावें.

बेदरांत वर्षभर पोसलेला घोडा त्यानें नाताळच्या सुमारास विकून टाकला. मुसलमानांत तो खोजा यूसुफ खोरासानी या नांवानें वावरत असे. येथें त्याचा हिंदूंशीं स्नेह जमला, व आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहों, आपलें नांव अफनासी, असें त्यानें त्यांस उघड सांगितलें. तेव्हांपासून त्यांनीं त्याच्यापासून कांहीं लपविलें नाहीं. जेवणखाण, व्यवहार, पूजा यांपैकीं कशाचाही आडपडदा ठेवला नाहीं, आणि घरांतील बायकांनाही आड केलें नाहीं. हे लोक उजव्या हातानेंच जेवतात, गोमांस खात नाहींत, कोणी परका भांड्यांत डोकावला तर तें अन्न टाकतात, सोमवारीं एकच वेळ जेवतात, प्रेत जाळून राख पाण्यांत सोडतात. हीं त्याचीं टिपणें वाचून आपल्या आजीचें सोंवळें कोणास आठवणार नाहीं? येथें चौऱ्यायशीं धर्म आहेत व एका धर्माचा मनुष्य दुसऱ्याशीं खातपीत नाहीं कीं सोयरीक करीत नाहीं, असें तो लिहितो. आपल्या जातींनाच तो धर्म समजला हें उघड आहे. घुबड ज्या घरावर बसेल तेथें मृत्यु येतो, वानरांना राजा असून त्याच्याजवळ सैन्य असतें, असल्या ऐकीव गोष्टीही त्यानें विश्वासानें उतरून घेतल्या आहेत.

याच मित्रांबरोबर तो महाशिवरात्रीच्या यात्रेस श्रीशैलास गेला. ‘पर्वत’ असें तो त्यास म्हणतो, आणि ख्रिस्त्यांचें जेरुसलेम किंवा मुसलमानांची मक्का तसें हें हिंदूंचें क्षेत्र, अशी ओळख करून देतो. अर्ध्या त्वेरएवढें देवालय, त्याच्या दगडी भिंतींवर देवाच्या लीला कोरलेल्या, भाविक क्षौर करून दर्शनास जाणारे, आणि देवापुढें काळ्या दगडाचा सोन्यानें मढविलेला प्रचंड नंदी, ज्याच्या खुरांचें लोक चुंबन घेतात व ज्यावर फुलें वाहतात! एका मूर्तीचा उंच उचललेला उजवा हात पाहून त्यास कॉन्स्टँटिनोपल येथील जस्टिनियन बादशहाच्या पुतळ्याची आठवण झाली. थट्टेचा किंवा तिरस्काराचा सूर या सबंध वर्णनांत आढळत नाहीं.

आतां या प्रवासाच्या मर्माकडे वळूं. निकितीनचे धर्मग्रंथ व्होल्गेवर लुटले गेले होते. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर हा सण ठराविक तारखेस येत नाहीं. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून त्याचा रविवार काढावा लागतो, आणि त्यामागचा दीर्घ उपवासही त्याच दिवसावरून मोजावा लागतो. म्हणजे आपल्या तिथीसारखाच हा प्रकार. पंचांगावांचून गति नाहीं. कोष्टकें गेलीं, विचारावयास धर्मबंधु नाहीं, आणि सभोंवार चाललेला काळ दुसऱ्यांच्या महिन्यांनीं मोजला जातो. आज बुधवार कीं शुक्रवार, उपवासाचा दिवस कीं जेवणाचा, हेंही त्यास कळेनासें झालें. तो आकाशाकडे पाहूं लागला. कृत्तिका आणि मृग पहांटेच्या उजेडांत शिरले, सप्तर्षींचें डोकें पूर्वेकडे झालें, यावरून त्यानें सणाचा दिवस अदमासानें धरला. मुसलमानांच्या बैरामपूर्वीं नऊ-दहा दिवस आपला सण येत असावा, असाही त्याचा अंदाज होता. मुसलमान रोजे धरीत तेव्हां तोही त्यांच्याबरोबर उपवास करी. असे अनेक ईस्टर त्यानें परमुलखांत काढले. दिवस चुकला असेलही. पण मोजणें त्यानें सोडलें नाहीं.

या एकांताचा त्याच्या मनावर खोल परिणाम झाला. त्याच्या वहींत मधूनच रशियन थांबते आणि तुर्की, फारसी, अरबी शब्दांची सरमिसळ सुरू होते. अखेर तर ईश्वराच्या अरबी नामावळीनें झाली आहे. त्यावरून त्यानें धर्मांतर केलें होतें कीं काय, असा वाद विद्वानांत झाला आहे. परंतु तोच मनुष्य आपला धर्म सोडला नाहीं असें वारंवार सांगतो, आणि एके ठिकाणीं असेंही म्हणतो कीं खरा धर्म कोणता हें देवच जाणे. एका ईश्वरास ओळखावें व शुद्ध ठिकाणीं शुद्ध अंतःकरणानें त्याचें नांव घ्यावें, हाच खरा धर्म. जुन्नरास हजार मोहरांपुढें न वांकलेल्या माणसाच्या लेखणींतून हे उद्गार निघाले आहेत, म्हणून त्यांस वजन आहे. मायदेशासाठीं केलेली प्रार्थनाही त्यानें तुर्की भाषेंतच लिहिली आहे: रशियासारखा देश जगांत नाहीं, तेथील सरदार अन्यायी असले तरी देवानें त्या भूमीचें रक्षण करावें व तेथें न्याय नांदावा. बेदरच्या सरदारांना पाहणारे डोळे घरच्या सरदारांना विसरले नव्हते.

शेवटीं घरची ओढ अनावर झाली. दोन मोहरा भाडें भरून तो दाभोळास गलबतावर चढला. वाऱ्यानें तें गलबत हबसाणाच्या किनाऱ्याकडे भरकटलें. तेथील लोकांस तांदूळ, मिरीं देऊन प्रवाशांनीं सुटका करून घेतली. पुढें होर्मुझ, शिराझ, इस्फहान, तब्रीझ असा इराण पुन्हां पायांखालीं घालून तो काळ्या समुद्रावरील त्रेबिझोंद येथें आला. तेथील तुर्की अधिकाऱ्यांनीं हेर समजून त्याचें सामान उलथेंपालथें केलें व बरेंचसें ठेवून घेतलें. कास्पियन, हिंदी महासागर व काळा समुद्र, हे ते तीन समुद्र. ‘तीन समुद्रांपलीकडील प्रवास’ हें त्याच्या वहीचें नांव त्यांवरूनच पडलें. काळा समुद्र ओलांडून तो क्रायमियांतील काफा बंदरास पोंचला. आतां फक्त जमिनीची वाट उरली होती. पण त्वेर कांहीं त्यास दिसावयाचें नव्हतें. स्मोलेन्स्कला पोंचण्यापूर्वींच वाटेंत त्यास मृत्यूनें गांठलें.

त्याच्या हस्ताक्षरांतील वह्या व्यापाऱ्यांनीं मॉस्कोस आणून १४७५ सालीं वासिली मामिरेव्ह या राजदरबारच्या चिटणिसाच्या हवालीं केल्या, व तेथून त्यांची नक्कल बखरींत शिरली. पुढें तीन शतकें त्याचें नांव कोणी घेतलें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रशियन इतिहासकार करमझिन यास एका मठाच्या संग्रहांत ही बखर सांपडली, आणि १८५७ सालीं तिचें इंग्रजी भाषांतर झालें. १९५५ सालीं त्वेर येथें व्होल्गेच्या कांठीं निकितीनचा पुतळा उभारण्यांत आला. १९५७ सालीं ‘परदेशी’ हा बोलपट त्याच्या प्रवासावर निघाला. आणि चौलाशेजारच्या रेवदंड्यासही त्याचें स्मारक झालें आहे.

निकितीनचा जमाखर्च मांडला तर खर्चाच्या बाजूस माल, ग्रंथ, आयुष्यांतील कित्येक वर्षें आणि अखेर घर, असें सारें कांहीं पडतें. जमेस नाणें एकही नाहीं. पण अंधारांत मोजीत राहिलेले दिवस, हजार मोहरांस न विकलेलें मन, आणि ज्यांच्यांत राहिला त्यांच्याविषयीं लिहिलेलीं खरीं वाक्यें, एवढें जमेस आहे. पंधराव्या शतकांतील आपलें चौल, आपलें जुन्नर आणि आपला उघडावाघडा शेतकरी आज आपणांस दिसतो तो पुष्कळ अंशीं या दिवाळें निघालेल्या व्यापाऱ्याच्या उपकारानें. घरांतील मुलांना वास्को द गामाची गोष्ट सांगण्याचा प्रसंग आला, तर त्याआधीं ही गोष्ट सांगावी, एवढीच वाचकांस विनंति.